मोठ्या साहेबांची बशी

आमच्या कंपनीत मोठे साहेब जे करत, ते बाकीचे अधिकारी दुसऱ्या दिवसापासून करत. साहेब पाइप ओढायला लागले तेव्हा चिंचवडच्या आमच्या कॉलनीतल्या निम्म्या पुरुषांना खोकला लागला. साहेबांनी पाइप सोडला, खोकलाही गेला. त्यामुळे साहेब यंत्रं बघायला परदेशी गेले आणि येताना बंदुकीचा नाद घेऊन आले, तेव्हा पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. सत्तर-एकाहत्तरचा सुमार असेल.

बंदुकीचा नाद म्हणजे शिकार नव्हे. एका यंत्रातून छोटी बशी भन्नाट वेगाने हवेत सुटते, आणि ती खाली पडायच्या आत छऱ्यांच्या बंदुकीने फोडायची, एवढाच तो खेळ. इंग्रजीत त्या बशीला मातीचं कबुतर म्हणतात. पूर्वी म्हणे खरी कबुतरं सोडत. मग कुणाला तरी कबुतरांची दया आली. बश्यांची अजून कुणाला आलेली नाही.

कंपनीने चऱ्होलीच्या बाजूला एक माळ घेऊन ठेवला होता. कारखाना वाढेल तेव्हा वाढेल म्हणून. तोपर्यंत तिथे मुरूम, कुसळं आणि चार बाभळी. साहेबांनी तो माळ साफ करून घेतला. बश्या फेकायचं यंत्र कारखान्यातच बनलं. बाहेरच्या बश्या मागवायला परवाना मिळेना, तेव्हा डांबर आणि खडूची पूड एकत्र करून बश्याही ओतशाळेत ओतल्या. सुट्या भागांच्या ऑर्डरी तुंबल्या होत्या, बश्यांची कधी तुंबली नाही. पुण्यात कॅम्पात बंदुकांचं दुकान चालवणारे एक म्हातारे मुसलमान चाचा होते. आमच्या कंपनीचे एवढे अधिकारी एकापाठोपाठ एक दुकानात शिरलेले बघून ते म्हणाले, "काय साहेब, लढाई लागली का कुठं?"

आमच्या ह्यांना बंदूक जमली नाही. पहिल्याच रविवारी बार काढला तो बंदुकीच्या दस्त्याने खांदा काळानिळा केला आणि चष्मा उडून मुरमात पडला. मला वाटलं, सुटलो. पण मोठे साहेब म्हणाले, "तुम्ही पंच व्हा. नाहीतरी कारखान्यात तुमचं तेच काम आहे."

हे खरं होतं. हे तपासणी खात्याचे प्रमुख होते. यंत्राचा तयार झालेला प्रत्येक दांडा मोजायचा आणि केसभर कमी-जास्त भरला की बाजूला काढायचा, यात त्यांचा जन्म गेला. घरीही तेच. पोळी गोल नसली तर बोलत नसत, पण ताटात फिरवून फिरवून बघत. बोललेलं परवडलं असतं. साहेबांनी परदेशातून आणलेलं नियमांचं पुस्तक ह्यांनी आठवड्यात तोंडपाठ केलं. साहेबांनी ते उघडलं होतं की नाही, मला शंका आहे. त्यातला मुख्य नियम असा, की बशीचा डोळ्यांना दिसेल असा एक तरी तुकडा पडला तरच ती फुटली. नुसती धूळ उडाली, तर ती गेली.

"गेली" हे आमच्या घरात वाईट बातमीचं क्रियापद होतं. आता दर रविवारी सकाळभर हे माळावर उभं राहून तेच ओरडू लागले.

आम्हा बायकांना छत्र्यांखाली खुर्च्या टाकून बसवत. थर्मासमध्ये चहा, डब्यात सँडविच. नेम मारायचा क्रम नवऱ्यांच्या हुद्द्याप्रमाणे, आणि खुर्च्यांचा क्रमही तोच. साहेब पहिले मारत. पंचवीस बश्यांपैकी त्यांच्या पंधरा-सोळा फुटत, आणि फुटलेल्या प्रत्येक बशीला टाळ्या पडत. त्यांच्यानंतर जे यायचे त्यांच्या कधीच सतरा फुटत नसत.

यातले खरे कलावंत म्हणजे खरेदी खात्याचे अधिकारी. त्यांचे वडील जंगलखात्यात होते. हा माणूस मिसरूड फुटायच्या आधीपासून बंदूक चालवत होता. मनात आणलं असतं तर पंचवीसच्या पंचवीस फोडल्या असत्या. पण साहेबांच्या सोळा झाल्या की खरेदीवाल्यांच्या पंधरा, आणि साहेबांच्या चौदा झाल्या की तेरा. नेम धरून फोडणं सरावाने कुणालाही येईल; नेम धरून चुकवणं, आणि चुकल्यावर कळवळून "छे!" म्हणत टोपी जमिनीवर आपटणं, याला साधना लागते. साहेब त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "येईल, येईल. खांदा थोडा सैल सोडा." आणि ते मान डोलावून ऐकायचे.

माळाच्या कडेला, नेमाच्या रेषेपासून लांब, एक बाई शेळ्या राखायची. चऱ्होलीचीच. बार थांबून धोक्याचं लाल निशाण खाली उतरलं की ती माळात शिरून न फुटलेल्या बश्या वेचायची. एकदा ती पाणी प्यायला आमच्या छत्र्यांपाशी आली, तेव्हा मी विचारलं, "या बश्यांचं काय करता हो?"

"कोंबड्यास्नी पानी ठिवते. गावात समद्यांकडं हायेत आता." पाणी पिऊन झाल्यावर तिने मैदानाकडे बघत मला विचारलं, "ह्या बश्यांनी काय घोडं मारलंय वो तुमच्या मालकांचं?"

ती जाता जाता म्हणाली, "त्ये म्होरलं गोरं सायेब हायेत ना, लई चांगला मानूस. त्यांच्या बी धा-धा सापडत्यात."

शेजारच्या खुर्चीत मोठ्या साहेबांच्या बाईसाहेब होत्या. त्यांनी सँडविचचा डबा उगाच उघडून परत बंद केला.

एका वर्षी साहेबांच्या मनात आलं की बायकांनाही एक दिवस मारू द्यावं. बाकीच्या लाजल्या. मी उभी राहिले. पदर खोचला, खरेदीवाल्यांची बारा बोअरची बंदूक खांद्याला लावली आणि बशी सोडायचा इशारा म्हणून, सांगितल्याप्रमाणे "पुल!" असं ओरडले. बशी सुटली. मी चाप ओढेपर्यंत ती चऱ्होलीला पोचली होती. मागून आवाज आला, "गेली." तो माझ्या नवऱ्याचा आवाज होता, आणि त्यात लग्नाच्या वीस वर्षांची काही खूण नव्हती. दुसरीही गेली. तिसरीला काय झालं कुणास ठाऊक, बंदूक बशीच्या थोडी पुढे गेली, बार उडाला आणि आकाशात काळ्या चुऱ्याचं फूल झालं. मला तो क्षण अजून आठवतो. इतकी वर्षं मी ज्यांना हसत होते त्यांच्यातल्या निदान काहींना काय मिळत असेल, ते मला तेव्हा कळलं. खांदा ठणकत होता आणि मला आणखी शंभर बश्या हव्या होत्या. साहेब म्हणाले, "व्वा, व्वा! लेडीजना आता चहा द्या." बायकांचा दिवस पुन्हा झाला नाही.

मग आला तो सामना. पुण्यात एका निवृत्त कर्नलांनी असाच क्लब चालवला होता. जुनी माणसं, जुन्या बंदुका. साहेबांनी त्यांना चऱ्होलीला बोलावलं. मंडप घातला, कारखान्याच्या कँटीनमधून जेवण मागवलं, जेवणाआधीच बक्षिसाचा चषक टेबलावर मांडला. उन्हाळ्याचे दिवस होते. ते लक्षात ठेवायला हवं, कारण आमच्या बश्या डांबराच्या होत्या, आणि डांबर उन्हात मऊ पडतं.

दोन्हीकडे पाच-पाच माणसं. पाहुण्यांचा मान म्हणून कर्नलांचा संघ आधी मारून मोकळा झाला. संघनायकाने शेवटी मारायचं असं ठरलं होतं. सकाळी साहेबांनी आमच्या लोकांना गोळा करून सांगितलं, "आज सगळ्यांनी जीव तोडून मारा. जिंकायचंच."

या वाक्याने आमच्या संघाचा घात केला. साहेब नेहमी आधी मारत, म्हणून बाकीच्यांना आपली मर्यादा कळे. आज साहेब शेवटी. जीव तोडून मारायचं खरं, पण किती? खरेदीवाल्यांच्या कपाळावर मी त्या दिवशी पहिल्यांदा घाम बघितला. पहिल्या दहा बश्या त्यांनी सलग फोडल्या, आणि मग त्यांना आपलाच धाक वाटायला लागला. पुढे एक फोडायची, तीन सोडायच्या, असं करत ते चौदावर थांबले आणि टोपी आपटायलाही विसरले. बाकीच्या तिघांनी तर त्यांच्याकडे बघूनच मारलं. साहेब उभे राहिले तेव्हा आमचा संघ बराच मागे होता.

आणि त्या दिवशी साहेबांनी खरंच छान मारलं. हे मला मान्य करायला हवं. गोरा चेहरा उन्हाने लाल झालेला, ओठ मिटलेले, एकामागून एक बशी फुटत होती. शेवटची बशी उरली तेव्हा आम्ही एकानेच मागे होतो. ती फुटली तर बरोबरी, नाही तर हार.

"पुल!"

बशी उजवीकडे निघाली. साहेबांची बंदूक तिच्यामागून फिरली. बार झाला. बशी हवेत जराशी थरथरली, मग तशीच तरंगत जाऊन बाभळींच्या अलीकडे उतरली.

"गेली," हे म्हणाले.

"फुटली!" मंडपातून सगळी कंपनी ओरडली. खरेदीवाले तर धावत पुढे आले. "तुकडा उडाला साहेब, मी या डोळ्यांनी बघितला!"

"तुकडा पडला नाही," हे म्हणाले.

"अहो, तुम्ही चष्मा पुसा."

"पुसलेला आहे."

कर्नल मिशीतल्या मिशीत हसत उभे होते. साहेबांनी बंदूक अजून खाली केली नव्हती. शेवटी कुणीतरी म्हणालं, बशी तिथेच पडली आहे, आणून बघा. खरेदीवाले धावत निघाले. बाभळींपाशी पोचले तर ती शेळ्यावाली बाई बशी पदराखाली घेऊन उभी. लांबून वाद ऐकू येत होता, पण कशाचा ते तिला कळलं नव्हतं.

"आण ती बशी इकडे," खरेदीवाले म्हणाले.

"का म्हून? फुटल्या त्या तुमच्या, न फुटल्या त्या माझ्या. असंच चाललंय की इतकी सालं."

"बाई, साहेबांना हवी आहे ती."

तिने बशी पदराखालून काढली, उलटीसुलटी करून बघितली आणि आभाळाकडे धरली. मग तिचा चेहरा पडला. "आत्तागं! हिला भोक हाय की. पानी ऱ्हायाचं न्हाई हिच्यात. घ्या, तुमालाच घ्या."

बशी हातोहात मंडपात आली. काठ अखंड, कुठे टवका नाही, आणि मधोमध एक छर्रा आरपार गेलेला. डांबर मऊ होतं म्हणून ती तडकली नव्हती. साहेबांचा नेम अचूक लागला होता आणि बशी फुटली नव्हती, दोन्ही एकाच वेळी. साहेबांनी ती डोळ्यांसमोर धरून त्या भोकातून ह्यांच्याकडे बघितलं.

"आता?" त्यांनी विचारलं.

मी खुर्चीत बसल्या जागी देवाचा धावा करत होते. म्हणा फुटली. एक शब्द. भोक पडणं म्हणजे फुटणंच, कुठल्याही भांड्याला विचारा.

"तुकडा पडलेला नाही साहेब," हे म्हणाले. "गेली."

साहेब हसले. कर्नलांशी हात मिळवला. "नियम म्हणजे नियम," ते मोठ्याने म्हणाले आणि चषक कर्नलांच्या हातात दिला. सगळ्यांनी साहेबांच्या खिलाडूपणाला टाळ्या वाजवल्या. मग जेवणाच्या पंगतीत आमच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

घरी आल्यावर मी साडी न बदलताच सुरुवात केली. "एकदा फुटली म्हणायला काय जात होतं तुमचं?"

"ती फुटली नव्हती."

"भोक पडलं होतं ना पण!"

"भोक म्हणजे तुकडा नव्हे."

"अहो, एका बशीसाठी कुणी नोकरी पणाला लावतं का?"

त्यावर ते म्हणाले, "बशीसाठी नाही लावली. मला दिसलं ते सांगितलं." आणि पाय धुवायला गेले. मला त्या क्षणी त्यांचा अभिमान वाटला असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. मला राग आला होता, आणि तो पुष्कळ दिवस टिकला.

आठवडाभरात हुकूम आला. प्रशासकीय सोयीसाठी ह्यांची बदली भंगार विभागात. ज्या माणसाला फुटलेली वस्तू ओळखता येत नाही असं कंपनीचं मत झालं, त्याला कंपनीने फुटक्या वस्तूंचा प्रमुख केलं. तपासणी खातं खरेदीवाल्यांच्या मेहुण्याकडे गेलं. हा मेहुणा कुठलीच वस्तू बाजूला काढत नसे, त्यामुळे सगळीकडे प्रिय होता. माल वर्षभराने गिऱ्हाइकांकडून परत यायला लागला, आणि तो परत आलेला माल कुठे जायचा? भंगारात, ह्यांच्याकडे. हे तोही मोजून बघत. भंगार मोजू नका असं त्यांना सांगायला कुणी येत नसे, कारण पत्र्याच्या त्या शेडमध्ये उन्हाळ्यात कुणी पाऊलच टाकत नसे.

भोकाची बशी साहेबांनी आपल्या टेबलावर ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती उचलून दाखवत. "बघा, मधोमध. आणि म्हणे गेली!" पाहुणे हळहळत.

साहेब पुढे मुंबईच्या मुख्य कचेरीत गेले. नवे मोठे साहेब आले ते भाविक. दर गुरुवारी आळंदीला जायचे, माळकरी, मांसाहार बंद. पंधरा दिवसांत चऱ्होलीचा माळ ओस पडला. बंदुका पोलीस चौकीत जमा झाल्या किंवा कॅम्पातल्या चाचांकडे परत गेल्या. गुरुवारी संध्याकाळी कंपनीच्या गाड्या आळंदीच्या रस्त्याला लागू लागल्या. खरेदीवाल्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आली. नव्या साहेबांचा गळा जेमतेम होता, तेव्हा भजनात खरेदीवाल्यांनी आपला आवाज साहेबांच्या आवाजाखाली दाबून धरायला किती कष्ट घेतले असतील, याची मला कल्पना आहे.

आम्हाला वाटलं, बश्यांचा विषय संपला. तेवढ्यात एका रविवारी दारात जीप थांबली आणि कर्नल उतरले.

"आमच्याकडे पंच नाही," ते ह्यांना म्हणाले. "म्हणजे आहेत, पण सगळे माझे मित्र आहेत."

हे आत गेले आणि टोपी घेऊन आले. त्यानंतर कैक वर्षं दर रविवारी ती जीप यायची. मीही जायची. तिथेही आम्हाला कुणी जेवायला बोलावत नसे. पंचाला कोण बोलावतं? पण तिथे माणसं शिव्या तोंडावर द्यायची, आणि त्यांचा राग सोमवारपर्यंत उरायचा नाही, रविवारीच संपायचा. कर्नल मला अधूनमधून बंदूक द्यायचे. पाच-सहा फोडल्या की माझा आठवडा बरा जायचा.

निवृत्तीच्या सुमाराला, ऐंशी साल उलटून गेल्यावर, एकदा मोठी स्पर्धा होती. कर्नलांची बशी सुटली, बार झाला. "गेली," हे म्हणाले. कर्नलांनी ह्यांच्या सात पिढ्यांचा तीन भाषांत उद्धार केला. हे ढिम्म हलले नाहीत. कर्नल हरले.

येताना जीपमध्ये कर्नल मागे वळून मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही कडेला होतात. खरं सांगा. तुकडा पडला होता की नाही?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते, शांत, निःशंक. तुकडा पडला होता. चांगला बोटाएवढा, डाव्या बाजूला. मी स्वच्छ बघितला होता.

"पडला होता," मी म्हटलं.

हे सावकाश माझ्याकडे वळले. मी खोटं बोलत नाही हे त्यांना माहीत होतं. पोळीच्या गोलाईवरून आमचे कितीतरी वाद झाले, पण त्यात मी कधी वाकडीला गोल म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. डावा तर पुरता पिकत आलेला. पुढच्या रविवारी हे मैदानावर गेले, सगळ्यांसमोर उभे राहिले आणि कर्नलांना म्हणाले, "ती फुटली होती. मला दिसलं नाही. माझं काम संपलं."

कर्नल संतापले. "अहो, मग आता काय करू? पुन्हा मित्रांना उभं करू?"

"करा," हे म्हणाले.

ऑपरेशन झालं. जाड भिंगांचा चष्मा आला. तरी जीप यायची, कारण कर्नलांना सवय झाली होती आणि ह्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती. आता हे माझ्या शेजारी खुर्चीत बसायचे. पंचाच्या जागी कर्नलांचा एक जुना दोस्त, सगळ्यांना फुटली म्हणणारा. प्रत्येक बाराला हे पुटपुटायचे, "गेली," "फुटली," "गेली." निम्म्या वेळा चुकायचे. मी दर वेळी दुरुस्त करायची. एकदा ते वैतागून म्हणाले, "अगं, एखादी तरी सोड."

"का सोडू?" मी म्हटलं, आणि चहा ओतला.